केसभर

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागायच्या जरा अलीकडे एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि मागे एक भिंत. भिंतीवर चावीचं घड्याळ. मिस्त्री मनगटाला घड्याळ बांधत नसे. चालत्या पंख्याच्या पट्ट्यात ते अडकलं तर हात जायचा, असं तो म्हणे. दिवसभराचं सगळं त्या भिंतीवरच्या घड्याळावर चाले.

मिस्त्रीकडे एक पोऱ्या कामाला होता. कृष्णेपलीकडच्या गावाहून तो सायकलवर येई. आठ वाजता येऊन झाडलोट करायची, पाने पुसून मांडायचे, सोमवारी घड्याळाला चावी द्यायची. बाकी वेळ मिस्त्रीच्या हाताखाली. पोऱ्याचा हात हलका होता आणि कान तिखट. लोक म्हणत, हा पुढे नाव काढणार.

पाचगणीच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याची स्ट्रॉबेरी होती. त्याच्याकडे वडिलांच्या वेळची ॲम्बॅसडर होती. पेट्रोलची, 1489 सीसीची. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या बंद झाल्या 2014 साली. पण शेतकऱ्याला ती विकवत नव्हती. हंगामात मागची सीट काढून तो तिच्यात स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरी, पहाटे घाट उतरे, वाईत माल देई आणि रिकाम्या गाडीने वर जाई.

एके दिवशी शेतकरी गॅरेजला आला. मिस्त्री बाहेरगावी गेला होता. पोऱ्या एकटाच होता.

"गाडी ओढत नाही रे," शेतकरी म्हणाला. "भरलेली उतरते ते ठीक. पण रिकामी चढताना दम टाकते. तिसऱ्यात चढायची, आता दुसऱ्यात घ्यावी लागते."

पोऱ्याने बॉनेट उघडलं. प्लग पाहिले, चांगले होते. पॉइंट पाहिले, चांगले होते. मग त्याने डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला केला आणि रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट अंगाला डिस्ट्रिब्युटर थोडासा फिरवला. ठिणगी जरा लवकर पडायला लागली. इंजिनाचा आवाज भरला. पोऱ्याने नट आवळला आणि कुठवर फिरवलं ते लक्षात राहावं म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने तिथे एक बारीक रेघ ओढली.

गाडी तिसऱ्यात घाट चढली. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याने पोऱ्यासाठी स्ट्रॉबेरीचा एक पुडा आणला.

महिन्याभराने गाडी पुन्हा आली. तीच तक्रार. पोऱ्याने डिस्ट्रिब्युटर आणखी थोडा फिरवला. दुसरी रेघ ओढली. पुन्हा पुडा.

त्यानंतर तिसरी रेघ. तिसरा पुडा. या वेळी पोऱ्याने मिस्त्रीलाही चार स्ट्रॉबेऱ्या दिल्या. मिस्त्रीने त्या खाल्ल्या आणि काही विचारलं नाही.

चौथ्यांदा गाडी आली ती संध्याकाळी. शेतकरी हिरमुसला होता. "आता डिस्ट्रिब्युटर फिरवून काही होत नाही, मिस्त्री. मीच फिरवून पाहिलं. तुम्हीच बघा." गाडी ठेवून तो एसटीने वर गेला.

सकाळी मिस्त्रीने थंड इंजिनला सेल्फ मारला. इंजिनाच्या तोंडाशी, पंख्याच्या मागे, करर्र असा आवाज झाला. दोन-तीन सेकंदांत ऑइल वर चढलं आणि आवाज गेला.

"ऐकलंस?"

"पंख्याचा पट्टा असेल," पोऱ्या म्हणाला. "नाहीतर पाण्याचा पंप. आता गेला की आवाज."

"गेला नाही. लपला." मिस्त्रीने इंजिन बंद केलं. "प्लग काढ सगळे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाक."

पोऱ्याने तसं केलं.

"आता तू रोटरकडे बघ. मी गाडी ढकलतो. पुलीवरची खाच हलायला लागली की सांगेन. रोटर हलला की तू सांग."

मिस्त्रीने गाडीला खांदा लावला. गाडी इंचभर पुढे सरकली. खाच हलली, रोटर हलला. मग मिस्त्री पुढून मागे रेटू लागला.

"खाच हलली," मिस्त्री म्हणाला.

रोटर जागचा हलला नाही.

"अजून हलतेय."

रोटर तसाच. खाच बोटभर मागे गेली, तेव्हा कुठे रोटरने अंग हलवलं. झोपेतून उठवल्यावर पोर कूस बदलतं, तसं.

पोऱ्या गप्प झाला. खाली क्रँक फिरत होता आणि वर कॅमला त्याचा पत्ता बोटभर उशिरा लागत होता. दोघांच्या मध्ये एकच गोष्ट होती, टायमिंग चेन.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढं सांगून ठेवतो. इंजिनाच्या तोंडाशी दोन दातेरी चाकं असतात. खालचं लहान, क्रँकवरचं. वरचं मोठं, कॅमवरचं. मोठ्याला लहानाच्या दुप्पट दाते. दोन्हींवरून एक साखळी फिरते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि कॅम फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. या गाडीत डिस्ट्रिब्युटरसुद्धा कॅमवरच चालतो. म्हणजे साखळी ढिली झाली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. ठिणगी हाताने सावरता येते. व्हॉल्व्ह येत नाहीत.

दोघांनी गाडी खोलायला घेतली. पाणी सोडलं, रेडिएटर उतरवला, पट्टा काढला. क्रँकच्या टोकाचा मोठा नट हटेना. मिस्त्रीने वॉशरचा दुमडलेला कान छन्नीने सरळ केला, नटावर मोठा पाना बसवला आणि पान्याच्या दांडीवर हातोडीचा एकच दणका दिला. नट सुटला. पुली आली. तिच्यामागचं पत्र्याचं कव्हर आलं. कव्हरच्या आतल्या अंगाला एक चकाकती रेघ होती. साखळी तिथे घासत होती.

दोन्ही चाकं आणि साखळी एकदमच बाहेर आली. मिस्त्रीने साखळी घमेल्यात टाकली आणि वर रॉकेल ओतलं.

"पोरा, ही धू. आणि यातली बिघडलेली कडी शोधून मला दाखव."

"एवढंच?"

"एवढंच."

पोऱ्याने ब्रश घेतला. एकेक कडी धुतली, फडक्याने पुसली, उजेडाकडे धरून पाहिली. पन्नासच्या वर कड्या होत्या. कुठे तडा नव्हता. कुठे पिन बाहेर आलेली नव्हती. एकही पट्टी वाकलेली नव्हती. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पहिल्या कडीला खूण म्हणून दोरा बांधला. अंगठ्याने एकेक कडी हलवून पाहिली. प्रत्येक कडी जरा हलायची. पण साखळीची कडी हलायचीच, नाहीतर ती साखळी कसली?

दुपार झाली. चहावाला दहाचा चहा कधीच देऊन गेला होता, तो निवून गेला. जाताना मिस्त्री त्याला म्हणाला होता, "काय रे, हल्ली लवकर यायला लागलास." चहावाला म्हणाला, "मी नेहमीच्या वेळेलाच येतो, मिस्त्री." पोऱ्याने मान वर केली नव्हती. कड्या मोजत होता.

संध्याकाळी त्याने हात टेकले. "मिस्त्री, बिघडलेली कडी सापडत नाही."

"बरं. उद्या सकाळी नाना पेठेत जा. सामान आण." मिस्त्रीने सिगारेटच्या पाकिटावर यादी लिहून दिली. टायमिंग चेन, दोन्ही चाकं, टेन्शनर, ऑइल सील, गॅस्केट.

"चाकं कशाला? चाकं तर चांगली आहेत. दादांना उगाच खर्च."

मिस्त्रीने लहान चाक त्याच्या हातात दिलं. "दात्यावरून नख फिरव. एका बाजूने, मग दुसऱ्या."

एका बाजूने नख गुळगुळीत उतरलं. दुसऱ्या बाजूने अडकलं. दाते एका अंगाला वाघनखासारखे वळले होते.

"यावर नवी चेन घातली तर सहा महिन्यांत जुनी होईल," मिस्त्री म्हणाला. पोऱ्याने यादी खिशात घातली.

ॲम्बॅसडरचं सामान आता दुकानात मांडून ठेवलेलं नसतं. पोऱ्या पुण्यात नाना पेठेत दहा दुकानं फिरला. एकाने हसून हात जोडले. दुसऱ्याने दुचाकीची चेन दाखवली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावर शिडी लावली आणि ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला जोड खाली आणला. कागद पिवळा पडला होता. आतली साखळी मात्र कोरी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने भिंतीत शेजारी-शेजारी दोन खिळे ठोकले. एकावर जुनी साखळी अडकवली, एकावर नवी. दोन्हींच्या खालच्या टोकाला एकेक नट लोंबता सोडला, म्हणजे साखळ्या ताणून राहाव्यात.

"बघ आता."

जुनी साखळी खाली उतरली होती. फार नाही. मिस्त्रीने डब्यातला गव्हाचा एक दाणा घेऊन दोन्ही टोकांच्या फरकात आडवा धरून पाहिला. दाण्याची जाडीच बसली.

मग त्याने दोन्ही साखळ्या खिळ्यांवरून काढल्या आणि कडेवर आडव्या करून एकेका टोकाला धरल्या. नवी साखळी फूटपट्टीसारखी सरळ राहिली. जुनीचं टोक कमानीसारखं खाली वाकलं.

"लोखंड ताणलं गेलं?" पोऱ्याने विचारलं.

"लोखंड कसलं ताणतंय? प्रत्येक कडीत एक पिन असते आणि एक बुश. दोघं एकमेकांना घासतात. वर्षानुवर्षं. पिन केसभर झिजते, बुश केसभर झिजतो. आता सांग, बिघडलेली कडी कुठली?"

पोऱ्याने जुनी साखळी हातात घेतली. त्याने बांधलेला दोरा अजून पहिल्या कडीला होता. त्याने तो सोडला.

"कुठलीच नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सगळ्याच."

मिस्त्रीने मान हलवली आणि पाना उचलला.

जोडणीला अर्धा दिवस गेला. त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. चेन अशी चढवायची की ठिपके एकमेकांच्या समोरासमोर यावेत. पोऱ्याने ठिपके जुळवले, चाकं शाफ्टवर बसवली आणि कव्हर उचललं.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "क्रँकला दोन फेरे दे. हाताने."

"जुळलेत की ठिपके."

"दोन फेरे."

पोऱ्याने क्रँकला पाना लावला. एक फेरा झाला. खालचा ठिपका वर आला, पण वरचा ठिपका चाकाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पोऱ्याचा चेहरा पडला. दुसरा फेरा झाला. दोन्ही ठिपके पुन्हा समोरासमोर येऊन थांबले. पोऱ्याने श्वास सोडला. मिस्त्रीने कव्हरचे नट हाताने नुसते लावले, पुली आत सरकवून सील मधोमध बसू दिलं आणि मग एकेक नट आवळला.

रेडिएटर बसला. पाणी भरलं. पोऱ्याने सेल्फ मारला. इंजिन लागलं. करर्र आवाज नाही. पोऱ्या हसला. मग त्याने रेस दिली, आणि इंजिनाच्या आत कुणी खिळे टाकल्यासारखं टकटक वाजू लागलं.

पोऱ्याने घाईघाईने इंजिन बंद केलं. "मिस्त्री, काहीतरी चुकलं."

"चेन बरोबर बसलीय. ठिपके तू स्वतः पाहिलेस."

"मग ठोकतंय का?"

मिस्त्री वाकला. त्याने डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी बॅटरी धरली. बारीक रेघा चमकल्या. एक, दोन, तीन.

"या कुणाच्या?"

पोऱ्या खाली पाहू लागला. "माझ्या. गाडी ओढत नव्हती, म्हणून दर वेळी जरा..."

"चूक नाही केलीस. दर वेळी गाडी चालती केलीस." मिस्त्रीच्या आवाजात राग नव्हता. "पण साखळी उशीर करत होती आणि तू ठिणगीला पुढे ढकलत होतास. आता साखळी वेळेवर आली. ठिणगी अजून तुझ्या तीन रेघा पुढे आहे. म्हणून ठोकतंय."

पोऱ्याने नट ढिला केला. तिसरी रेघ मागे आणली. दुसरी मागे आणली. पहिलीही मागे आणली. मग टायमिंग लाइटने खाच आणि खूण जुळवली. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला.

मिस्त्रीने हात कॉटन वेस्टने पुसले. तो पाटावर बसला आणि म्हणाला, "मोडलेली कडी दिसते, पोरा. केसभर ढिली झालेली दिसत नाही. आणि दर वेळी जरा सावरून घेतलं की आपण किती ढळलो तेही कळत नाही."

पोऱ्या काही बोलला नाही. पाने पुसू लागला.

शेजारच्या शाळेची घंटा झाली. शाळा सुटायची घंटा पाच वाजता होई. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते.

"शाळासुद्धा हल्ली लवकर सुटते," मिस्त्री म्हणाला. त्याने तंबाखूची डबी काढली आणि रस्त्याकडे पाहत चोळायला घेतली.

पोऱ्याचा हात थांबला. त्याने पाना खाली ठेवला. लाकडी स्टूल भिंतीशी ओढलं, त्यावर चढला, घड्याळाची काच उघडली. मोठा काटा बोटाने पुढे सरकवला. पाच मिनिटं. आणखी पाच. आणखी पाच. काच लावली, खाली उतरला आणि स्टूल होतं तिथे ठेवलं.

मिस्त्री रस्त्याकडेच पाहत होता.

संध्याकाळी शेतकरी गाडी घेऊन गेला. घाटाच्या पहिल्या वळणावर त्याने तिसरा टाकला. गॅरेजमधून दोघांनी आवाज ऐकला. आवाज वळणावळणाने वर गेला, कुठे दबला नाही. घाटमाथ्यापर्यंत त्याने गिअर उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी पोऱ्या आला तेव्हा काटा आठवर यायचा होता. त्याने झाडलोट केली, पाने मांडले. दहाला चहावाला आला. मिस्त्रीने घड्याळाकडे पाहिलं, मग चहावाल्याकडे.

"आज बरोबर वेळेला आलास."

"मी रोजच येतो, मिस्त्री," चहावाला म्हणाला आणि त्याने दोन ग्लास भरले.